मूर्तिजापूरच्या पंपावरचं माप

नाशिकहून निघताना माझ्या यादीतली बहुतेक कामं साधी होती. टायरमधली हवा, चहाचा थर्मास, ताईसाठी मनुका, काच पुसायला जुनं धोतर. शेवटचं काम मात्र मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. ते होतं ‘पंप पाहणे’.

माझी मोठी बहीण शोभाताई लग्न होऊन अमरावतीला गेली आणि पुरती वऱ्हाडची झाली. तिच्या मुलीला, रेवतीला, मूर्तिजापूरचं स्थळ आलं होतं. मुलाचं नाव प्रफुल्ल. हायवेला लागून त्यांचा पेट्रोलपंप आहे. दोघं भेटली होती, एकमेकांना आवडली होती. आता मुलाचं घर बघायला जायचं होतं आणि मला खास बोलावणं होतं, कारण प्रश्न विचारणं हे ताईच्या मते माझं खातं. मी विचार केला, घर काय, पाहुणे येणार म्हटल्यावर कुणीही आवरून ठेवतं. पंप रोज उघडाच असतो. तेव्हा ओळख न देता आधी तो बघावा. ह्यांचा गुडघा दुखत असल्यामुळे गाडीत मी एकटीच होते. नाहीतर हा बेत त्यांनी धुळ्याच्या आतच हाणून पाडला असता.

अकोल्याला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. लॉजशेजारच्या खानावळीत ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर सांभार (इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात) भुरभुरलेलं पिठलं मिळालं. मालकानं आधीच विचारलं होतं, “ताई, तिखट चालते ना?” मी नाशिकच्या तोऱ्यात हो म्हणाले. दुसऱ्या घासाला त्यानं काही न बोलता पाण्याचा जग माझ्यापुढे आणून ठेवला आणि तिसऱ्याला ताक. पैसे देताना मात्र म्हणाला, “हे तर आमच्या पोराईचं तिखट होतं.”

सकाळी मूर्तिजापूरच्या दिशेला लागले. काळ्या रानात कापूस फुटला होता. कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकले होते, जणू झाडांनीही थोडा वेचून घेतला होता. काटेपूर्णेच्या पुलावर गाडी हळू केली, कारण खाली नदीत एक माणूस म्हशीला इतक्या प्रेमानं घासत होता की बघत राहावंसं वाटलं.

पंप आवडला. स्वच्छ आवार, सावलीला कडुनिंब, त्याखाली पाण्याचा रांजण आणि रांजणावर घासलेला पेला. रस्त्याकडच्या मशीनवर एक प्रौढ कामगार होते. पाइप लावण्याआधी म्हणाले, “ताई, झिरो पाहून घ्या.” मी पाहिलं. दहा लिटर पेट्रोल घेतलं आणि मनातल्या मनात प्रफुल्लला पास करून टाकलं.

गाडी सुरू केली तेव्हा काट्याकडे लक्ष गेलं. माझ्या गाडीचा काटा मी जितका ओळखते तितका नवऱ्याचा मूडही ओळखत नाही. टाकी तळाला आली असताना दहा लिटरला तो अर्ध्याच्या पुढे जातो. आज अर्ध्याच्या अलीकडेच थांबला. सपाट रस्ता होता, उताराचं निमित्तही नव्हतं.

पुढे शकुंतलेच्या, म्हणजे जुन्या छोट्या आगगाडीच्या, गवतात बुडालेल्या रुळांजवळ एक चहाची टपरी दिसली. टपरीवर नऊवारीतली एक बाई होती. कुठून आले, कुठे चालले हे सगळं तिनं चहा उकळेपर्यंत काढून घेतलं. मी पेट्रोल कुठे भरलं ते सांगितलं तशी तिनं गाळणी आपटली.

“तठी काहून गेल्या बाई? तठी पेट्रोल नाई भरत, पेट्रोलचा वास भरतेत.”

बाकावरचे दोन मोटारसायकलवाले हसले. त्यातला एक म्हणाला, दिवाळीपासून सगळे हेच बोलून राहिले, पण मालकाच्या तोंडावर कोण बोलणार? चहा फार चांगला होता. मला तो गोड लागला नाही.

बडनेरा मागे टाकून अमरावतीत शिरले तरी डोक्यात काटाच होता. ताई फाटकात उभीच होती. भाऊजींनी माझ्यासाठी गिला वडा (दही आणि चटणीत भिजवलेला इथला वडा) आणून ठेवला होता. घरात आनंद नुसता ओसंडत होता. रेवतीचं स्वतःचं औषधांचं दुकान आहे. ती दुपारी ते बंद करून आली आणि माझ्या गळ्यात पडली. प्रफुल्लबद्दल मी काहीच विचारलं नव्हतं, तरी सगळं सांगून मोकळी झाली. तो पुस्तकं वाचतो, त्याला भाकरी करता येते, त्याच्या स्कूटीचा आरसा कायम मोडलेला असतो. तिच्या तोंडाकडे बघून माझी जीभ रेटेना.

रात्रीच्या भाकरी थापताना मी ताईला हळूच सांगितलं. रेवती मागे कोशिंबिरीचं ताट घेऊन उभी होती.

“मावशी, तू पंप पाहाले गेलती?” ती आधी खूप हसली. मग हसू थांबलं. “काटा खरंच अलीकडे होता?”

ताई घाबरली. लोक काय, कशावरही बोलतात. उद्या हसून-खेळून जाऊ, असं तिचं म्हणणं. “पाहुणे म्हणून जाऊन राहिलो आपण. धाड टाकाले नाई.”

रेवती ताट खाली ठेवून म्हणाली, “आई, मी दुकानात औषध कमी मोजत नाई. उद्या नाई विचारलं, तर त्या घरची भाकर खाताना मले दररोज हेच आठवन.”

त्यावर ताईनं भाकरी जरा जास्तच जोरात थापली.

दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरला त्यांच्या अंगणात रोडग्यांचा बेत होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवलेले, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. प्रफुल्लचे वडील, वसंतराव, वाढताना नाही ऐकतच नव्हते. माणूस मोठा प्रेमळ. माझ्या पानातला रोडगा त्यांनी स्वतः फोडून दिला. मी तो पानातच फिरवत राहिले, कारण हाताशी बसलेली रेवती काही खात नव्हती. जेवण झाल्यावर वसंतराव अभिमानानं म्हणाले, चला, आता पंप दाखवतो.

पंपावर गर्दी होती. रेवती सरळ प्रफुल्लपुढे जाऊन उभी राहिली.

“पाच लिटरचं माप असतं ना तुमच्याकडे? या रस्त्याकडच्या मशीनचं एकदा मोजून दाखवता का?”

प्रत्येक पंपावर असं माप ठेवावं लागतं आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर मोजून दाखवावं लागतं, हे मला ठाऊक होतं. ते होणारी सून मागते, हे मात्र वसंतरावांना ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा लाल झाला. “पोरी, सोयरीक कराले आली का तपासणी कराले?”

ताईनं माझा दंड घट्ट धरला. काटा माझ्या गाडीचा होता, तेव्हा मीच पुढे होऊन कालचं सगळं सांगितलं, टपरीवरच्या बोलण्यासकट. प्रफुल्ल ऐकत राहिला. मग ऑफिसात जाऊन चकचकीत माप घेऊन आला. वर अरुंद गळा, गळ्यावर पाच लिटरची खूण. त्यानं सगळ्यांसमोर पाइप लावला. मशीनवर पाच आले. मापातलं पेट्रोल खुणेच्या खालीच राहिलं. जवळ जाऊन बघायची गरज नव्हती, उभ्या जागेवरून दिसत होतं. त्यानं माप रिकामं करून पुन्हा भरलं. पुन्हा तेच.

रांगेतल्या एका टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला.

“रोज सकाळी दोन्ही मशीनचं माप घ्याचं असते,” प्रफुल्ल रेवतीकडे बघून म्हणाला. “दिवाळीच्या गर्दीत याचं राहिलं. मंग राहूनच गेलं. हे माझं काम होतं.”

वसंतराव त्याच्याजवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाले, कापसाचा सीझन आहे, आज चालू दे, उद्या मेकॅनिक बोलावू. प्रफुल्लनं नकारार्थी मान हलवली, मशीनला साखळी लावली, फोन करून वजनमाप खात्याच्या माणसाला कळवलं आणि ऑइलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर मार्करनं लिहायला घेतलं.

वडील म्हणाले, “नुसतं ‘बंद आहे’ लिही.”

“कमी भरते, तर कमीच लिहितो, बाबा.”

पुठ्ठा साखळीला अडकवायला त्याला सुतळी मिळेना. रेवतीनं केसाचं रबर काढून दिलं.

वसंतरावांनी पुठ्ठा वाचला. मग स्वतःच रांगेतल्या गाड्या एकेक करून दुसऱ्या मशीनकडे वळवायला लागले. टेम्पोवाल्यानं काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा म्हणाले, “वाचता येत नाई का? माप कमी भरते.” निघताना ताईच्या हातात त्यांनी उरलेल्या रोडग्यांचा डबा दिला आणि म्हणाले, “विहीणबाई, सून कडक हाय.” ताई तेव्हा रडली.

परतीच्या दिवशी मी पुन्हा त्या पंपावर थांबले. पुठ्ठा होता, काळं रबर होतं. प्रफुल्लनं माझी गाडी पाहिली आणि न विचारता आधी माप आणलं. दुसऱ्या मशीनचं पेट्रोल खुणेला लागलं, तेव्हा दोघांनाही हसू आलं.

टपरी मागे राहिली होती, तरी गाडी वळवून चहाला गेले. बाईनं मला लगेच ओळखलं. म्हणाली, त्या पंपावर एक गंमत झाली. मालकाच्या पोरानं सोताच पाटी लावली, आपलं माप कमी भरते म्हून. असं कोणी आपल्या हातानं लिहिते का? येडा हाय.

“तो आमचा जावई होणार आहे,” मी म्हणाले. मोठ्यानं असं पहिल्यांदाच म्हणत होते.

बाईचा हात थांबला. पदरानं तिनं बाकावरची माझी जागा पुसली.

“मंग बसा ना बाई,” ती म्हणाली. “उभ्यानं चहा काहून पेता?”

बाकावर बसून मी पर्समधली दुसरी यादी काढली. ताईला विचारून आणलेले, मुलाच्या घरी विचारायचे प्रश्न त्यात तसेच होते. शिक्षण, सवयी, स्वभाव, देणं-घेणं. एकही विचारायचा राहिला नाही असं वाटलं. यादी घडी करून ठेवली आणि कपभर चहा आणखी मागितला. वऱ्हाडातली माणसं तोंडावर बोलतात म्हणून पुण्या-नाशकाकडे आम्ही त्यांना फटकळ म्हणतो. आमच्या घरात आता तसा एक जण येतोय. पुठ्ठ्यावर लिहिणारा.