खिडकीकडे तोंड केलेल्या खाटा

बारामतीतल्या एका छोट्या रुग्णालयाचा पुरुष वॉर्ड नव्याने मांडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी डॉक्टरांकडे एक रिकामी खाट मागितली. मी आर्किटेक्ट. खोल्या उभ्याने बघायची सवय. इथली माणसं मात्र आडवी असतात. म्हणून एका दुपारी चपला काढल्या आणि पडलो.

वर पांढरं छत आणि पंखा. बघता बघता छत पाण्यासारखं हलायला लागलं. खिडकी डोक्यामागे होती. तिथून ट्रॅक्टरची घरघर, कुणाची तरी हाक, उसाच्या पाल्याची सळसळ येत होती. दिसत मात्र काहीच नव्हतं. सगळं जग माझ्या पाठीमागे चाललं होतं आणि मी त्यातून हलकेच निसटत होतो.

"तुमाला काय झालंय?"

शेजारच्या खाटेवर निरवांगी गावचे एक तात्या होते. खुब्याचं ऑपरेशन झालेलं.

"काही नाही, तात्या. पडल्यावर काय दिसतं ते बघतोय."

त्यांनी वर बोट केलं. "पंखा दिसतो," मग म्हणाले. "सकाळ हाय का सांज, कळत न्हाय. डोळा लागतो न् लगीच उघडतो."

बाहेरची झाडं आणि उजेड दिसला तर रुग्णाला आराम पडतो, असं मी अभ्यासात वाचलं होतं. डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. "खिडकी बघून हाड जुळतं का?"

"हाड तुम्ही जुळवलंत. आपण झोपेचं बघू. एक खाट फिरवून पाहू."

तात्यांची खाट फिरवली. समोर तुरे आलेला ऊस होता. उन्हात ते तुरे धुरासारखे दिसायचे. वारा आला की सगळं शेत सावकाश एका बाजूला कलायचं. मी स्टुलावर बसून बघायचो. तात्या बोलता बोलता थांबायचे, शेताकडे बघत राहायचे, मग घोरायला लागायचे. एकदा माझीही मान कलली आणि आपण दोघं उसावरून तरंगत चाललोय असं वाटलं.

"एका माणसावरून काय ठरतं?" डॉक्टर म्हणाले. खरंच होतं. मग एकेक करत बाकीच्या खाटाही फिरवल्या, प्रत्येकाला झोपेचं विचारलं. बहुतेकांना बरं वाटलं. कऱ्हाटी गावच्या एकाला मात्र उन्हाची तिरीप सोसवेना; त्याने पंचा डोळ्यांवर घेतला. आणि सिस्टर वैतागल्या. "दाराजवळच्या टेबलावरून मला सगळ्यांच्या टाळूच दिसतात. कुणी कण्हत असेल तर कळणार कसं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी सिस्टरांचं टेबल खिडकीजवळ नेलं, खाटा तिरप्या ठेवल्या आणि खिडकीवर रुंद छज्जा काढला. भिंतीतल्या ऑक्सिजनच्या नळ्या उशांच्या नव्या बाजूला हलवायला डॉक्टर कुरकुरत का होईना, तयार झाले.

काम संपलं तोवर ऊस तुटून गेला होता. तात्या तपासणीला आले, काठी टेकत. मी त्यांना हौसेने नवा वॉर्ड दाखवला. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मोकळ्या रानात पाणी सोडलं होतं आणि बगळे उतरले होते.

"ब्येस हाय," ते म्हणाले. "पर आता मला हितं ठिवू नका. घरचं रान बघायचंय."

ते गेल्यावर मी तिथेच उभा राहिलो. सरीतलं पाणी पुढे सरकत होतं. खाटेवरचा एक अनोळखी माणूस ते बघत होता, आणि त्याचे डोळे मिटत चालले होते.