जोंधळ्याच्या पिठाचं माप

उद्यमनगरात अल्लाउद्दीन मिस्त्रीला वेडा म्हणणारे बरेच होते, आणि इंजिन अडलं की त्याच वेड्याच्या शेडपुढे येऊन उभे राहणारेही तेच होते. त्याला त्याचं काही वाटत नसे. माणसांपेक्षा इंजिनाचं बोलणं तो जास्त मनावर घ्यायचा.

चौऱ्याहत्तर साल होतं. पेट्रोल एकदम महागलं, तसा बड्या लोकांनी जुन्या मोटारींत डिझेल इंजिनं बसवायचा सपाटा लावला. वारणाकाठचे बागायतदार हंबीरराव यांनीही एक आणून ठेवलं. त्यांची गाडी वडिलांच्या काळातली, विलायती, उघड्या टपाची. अल्लाउद्दीन हे ऐकून कासावीस झाला. त्या गाडीच्या इंजिनावरच तो पाना धरायला शिकला होता.

"सरकार, तेवढं करू नगा," तो म्हणाला. "संक्रांतीनंतर पन्हाळ्याच्या चढावर मोटारींची शर्यत हाय. गाडी पहिली आणतो. न्हाय आणली तर माझ्या हातानं डिझेल बसवतो."

"पुण्याची एक गाडी येणार हाय. तिला हवा कोंबायचा पंखा लावलाय म्हणं. तू बी लाव की."

"दुसऱ्यानं फुंकर घातल्यावर पळायचं, त्यात कसली मर्दुमकी? आपलं इंजिन आपल्याच दमावर पळंल."

हंबीरराव हसले आणि कबूल झाले.

पुढचे तीन-चार महिने अल्लाउद्दीनला दुसरं काही सुचलं नाही. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, घासून त्यानं आतला दाब वाढवला. हवा आत शिरायच्या वाटा कानशीनं रुंद आणि गुळगुळीत केल्या. व्हॉल्व्ह जास्त उघडावेत म्हणून कॅमशाफ्ट नव्यानं घासून घेतला. चारही पिस्टन पिशवीत घालून तो गुजरीत गेला, सराफाच्या काट्यावर तोलायला. "मिस्त्री, कुठल्या नवरीचे दागिनं म्हणायचे हे?" सराफानं विचारलं. एक पिस्टन तीन गुंजा जास्त भरला. सोन्यात तीन गुंजा सोडील एखादा, पण हा गडी लोखंडी कानस घेऊन तिथेच पायरीवर बसला आणि चारही सारखे झाल्याशिवाय उठला नाही.

शेवटी राहिलं ते पिठाचं माप. व्हॉल्व्ह आता जास्त खाली येणार, तेव्हा वर येणाऱ्या पिस्टनला तो धडकू नये. म्हणून पिस्टनच्या डोक्यावर मळलेल्या पिठाचा गोळा थापायचा, हेड बसवून इंजिन हातानं फिरवायचं, पुन्हा उघडून दबलेल्या पिठाची जाडी मोजायची. जाडी भरपूर भरली. अल्लाउद्दीननं खुशीत इंजिन कायमचं आवळलं.

दुपारी त्याची बायको खतिजा जेवण घेऊन आली. बाकावर पडलेला पिठाचा तुकडा तिनं उचलला आणि बोटांत चुरडला.

"अवो, हे सकाळी परातीतनं उचललेलं पीठ न्हवं?"

"व्हय. का गं?"

"जोंधळ्याचं हाय की! रेशनचा गहू संपलाय परवाच. भाकरी थापताना कड चिरती ह्याची, आन् तुम्ही ह्याच्यावर माप घेताय?"

अल्लाउद्दीननं हातातला घास परत ताटात ठेवला. गव्हाची कणीक दबते, ताणते आणि दबलेली तशीच राहते. जोंधळ्याचं पीठ तुटतं आणि तुटलेले कण एकावर एक चढून जाडी फुगवतात. हंबीरराव त्याच वेळी शेडात आले होते. "झालं न्हवं इंजिन?" त्यांनी विचारलं.

"न्हाय सरकार. चुकलं माझं."

त्यानं काहीही न लपवता सगळं सांगितलं आणि त्यांच्यादेखत आवळलेलं इंजिन उघडलं. खतिजानं शेजारून वाटीभर कणीक मळून आणली. नवं माप घेतलं, तर एका व्हॉल्व्हखाली पापडाएवढीही जाडी नव्हती. चढावर पहिल्याच जोराला इंजिनाचा चुराडा झाला असता, आणि तसलं इंजिन देशात दुसरं मिळणार नव्हतं. व्हॉल्व्हला जागा व्हावी म्हणून पिस्टन वरून कोरायचे, वजन जुळवायला पुन्हा गुजरीत जायचं. शर्यतीला पंधरा दिवस उरले होते.

शर्यतीला गाडी हंबीररावांनी चालवली. अल्लाउद्दीन वर, शेवटच्या वळणावर डोळे मिटून उभा होता. खालून आवाज चढत आला, भरदार, एकसारखा, कुठेही न अडखळता. त्याच्या अंगावर काटा आला. असं सुरेख इंजिन त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

पण गाडी दुसरी आली. पुण्याच्या गाडीनं दोन सेकंदांनी बाजी मारली.

अल्लाउद्दीन मान खाली घालून गाडीजवळ गेला. "उद्या शेडात आणा, सरकार. ते डिझेल इंजिन बी धाडून द्या."

"कुठलं डिझेल? ते विहिरीवर पाणी उपसतंय की."

"कधीपासनं?"

"पंधरा दिवस झालं. भाकरीच्या पिठापायी तू माझ्यादेखत आवळलेलं इंजिन उघडलंस न्हवं, त्याच सांजला बसवलं."

अल्लाउद्दीननं उगाचच बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. इंजिन तापलं होतं, त्याची वाफ डोळ्यांत गेली, असं तो पुढे कित्येक वर्षं सांगायचा.