शेवटच्या ओळीतलं नाव

खराब झालेला फोटो स्क्रीनवर उघडला की कुंदाताई आधी त्यातला गेलेला भाग तळहाताने झाकायच्या. मग उरलेला फोटो पाच-दहा मिनिटं नुसता बघत बसायच्या. माऊसला हात नाही. परळच्या त्या फोटो स्टुडिओत मी नवीन लागलो तेव्हा मला वाटलं, बाईंना कॉम्प्युटर येत नसावा. माझ्यासारखी माणसं फाटलेला भाग दिसला की लगेच शेजारचा तुकडा उचलून तिथे चिकटवत सुटायची. ताई म्हणायच्या, "संजू, उरलंय ते आधी नीट वाच. त्यातून गेलेल्यातलं निम्मं सापडतं. बाकीच्या निम्म्याला हात लावायचा नाही."

गिरगावातले एक गृहस्थ एकदा घरच्या देवीच्या मूर्तीचा फोटो घेऊन आले. मूर्ती चोरीला गेली होती आणि फोटोत उजव्या हाताच्या जागी बुरशीचा डाग होता. ताईंनी विचारलं, "हातात काय होतं?"

"काहीही टाका हो. कमळ टाका."

"कमळ माझ्या मनातलं. देवी तुमची आहे. घरी कोणाला आठवतंय का ते विचारून या."

गृहस्थ चिडून गेले. पंधरवड्याने परत आले तेव्हा त्यांच्या आत्याने कागदावर काढून दिलेलं चित्र त्यांच्या हातात होतं. देवीच्या हातात कमळ नव्हतं, कुंकवाची डबी होती. ताईंनी ती काढली आणि बायका कुंकू मागायला येतील इतकी खरी काढली.

ताई लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. लालबागला आईबरोबर राहायच्या. वडील गिरणीत होते. ते गेले तेव्हा ताई सहा वर्षांच्या होत्या. त्यानंतर आई त्यांना घेऊन भायखळ्याला मामाकडे गेली आणि लालबागच्या खोलीत परतली ती बऱ्याच वर्षांनी. त्या चाळीच्या व्यायामशाळेच्या दारावर संगमरवरी पाटी होती. ज्या नऊ जणांनी स्वतः खपून व्यायामशाळा बांधली, त्यांची नावं तिच्यावर कोरलेली होती. आपल्या नवऱ्याचं नाव त्यात आहे, असं आई सांगायची. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं, नवऱ्याने सांगितलेलं तिच्या लक्षात होतं. व्यायामशाळा पुरुषांची, त्यामुळे ताईंनी ती पाटी कधी जवळून पाहिलीच नव्हती.

चाळ पाडली तेव्हा पाटी फुटली आणि राडारोड्यात गेली. नवी इमारत उभी राहिल्यावर सोसायटीने तशीच पाटी पुन्हा करायची ठरवली. अध्यक्ष मांजरेकरकाका पाटीचा सापडलेला एकमेव फोटो घेऊन स्टुडिओत आले. कबड्डीचा संघ व्यायामशाळेसमोर उभा, मागे पाटी. ओल लागून निम्मी अक्षरं पुसलेली.

ताईंनी त्यावर तीन आठवडे काढले. पाटीवरचं एकेक शाबूत अक्षर उचलून त्यांनी वेगळं ठेवलं. "या कारागिराचा 'र' बघ, शेपटी आखूड ठेवतो," असं त्या कौतुकाने दाखवायच्या. अर्ध्या उरलेल्या काना-मात्रांवरून आठ नावं उभी राहिली. नवव्या नावापुढे मात्र एका खेळाडूचं डोकं आलं होतं. डोक्याच्या उजवीकडे फक्त 'कर' दिसत होतं. अर्ध्या लालबागचं आडनाव 'कर'ने संपतं.

मांजरेकरकाका म्हणाले, "ते आमच्या बाबांचं. भरून टाका."

"कागद आहे काही? कोणी सांगणारं?"

"आता कोण राहिलंय? आणि तपासायला तरी कोण येणार आहे?"

"म्हणूनच विचारते," ताई म्हणाल्या.

ते गेल्यावर मी म्हटलं, "ताई, तुमचं आडनाव पेडणेकर. आई सांगतात ना? मग बाबांचं नाव टाका."

त्यांनी पाटीतलीच अक्षरं जुळवून 'शंकर पेडणेकर' त्या जागी ठेवलं. बरोबर बसलं. बराच वेळ त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग ते बाजूला करून मांजरेकरकाकांच्या वडिलांचं नाव ठेवलं. तेही बसलं. त्यांनी दोन्ही नावं पुसली.

"दगडाला काय रे, कुठलंही बसतं," एवढंच म्हणाल्या.

पाटी तशीच कोरली गेली आणि या वेळी दाराशेजारी, हात पोचेल अशी बसवली. आठ नावं, खाली कोरा दगड आणि शेवटी 'कर'. उद्घाटनाला ताई आईला हात धरून घेऊन आल्या. आईला आता जवळजवळ दिसत नव्हतं. तिने पाटीवर बोटं फिरवली आणि विचारलं, "तेंचा नाव खंय असा गो?"

मी शेजारीच उभा होतो. ताईंनी कुठल्याही ओळीवर तिचा हात ठेवला असता तरी चाललं असतं. त्यांनी तो शेवटच्या ओळीवर, कोऱ्या जागेवर ठेवला.

"हंय तर हाताक काय लागणा नाय."

"फोटोत दिसत नव्हतं, आई. मी जागा सोडलीय."

म्हातारीचं बोट त्या गुळगुळीत दगडावर थोडा वेळ थांबलं. मग ती म्हणाली, "ऱ्हवांदे. माका म्हायत असा." ताई तोंड फिरवून रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तेव्हाच रडताना पाहिलं.

गेल्या वर्षी ताई गेल्या. आजारपण जेमतेम महिन्याचं. तेराव्यानंतर काही दिवसांनी मांजरेकरकाका पाटीच्या फोटोचा पेनड्राइव्ह घेऊन स्टुडिओत आले. ते कशासाठी आले ते मला कळलं. मी चहा मागवला आणि म्हटलं, "काका, ताईंनी सोडलेली जागा मी भरणार नाही."

मला वाटलं, आवाज चढवतील. पण ते कप हातात धरूनच म्हणाले, "खरं सांगू? मलाही नक्की ठाऊक नाही. जन्मभर त्या पाटीखालून आत-बाहेर केलं रे, पण मान वर करून एकदाही वाचली नाही."