उजगऱ्यांच्या घरी आलेली बॅग

सुदर्शन उजगरे यांचा कुणावरच विश्वास नव्हता. बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात त्यांनी चौतीस वर्षं मुद्रितं तपासली होती, आणि जिथे सगळं ठीक दिसतं तिथेच चूक दडून बसते, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. निवृत्तीनंतर मुद्रितं उरली नाहीत, तेव्हा ते माणसं तपासायला लागले. दूधवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, हवामानखातं, कुणीच त्यातून सुटलं नाही.

देवावर मात्र त्यांचा पक्का विश्वास, असं येरवड्यातल्या त्यांच्या चर्चमध्ये सगळे धरून चालत. ते तिथले पंच, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक. कुणी अंथरुणाला खिळलं की पाळकसाहेब त्याच्या घरी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस, द्यायला जात आणि छोट्या प्याल्यांची काळी बॅग उजगरे धरत. दफनभूमीत तर त्यांचा आवाज ठरलेला. ख्रिस्तानं मरण जिंकलंय, भिऊ नका, असं ते इतक्या ठामपणे सांगत की रडणाऱ्या बायका डोळ्यांवरचा पदर खाली घेत.

घरी आल्यावर ते साबणानं दोनदा हात धूत, हे फक्त विमलाबाईंना ठाऊक होतं. खरं सांगायचं तर उजगरे मरणाला भयंकर भीत. ज्या घरात ती बॅग गेली तिथे वर्षाच्या आत आपण दफनासाठी पांढरी फुलं घेऊन गेलो, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं. पंचाला असले विचार शोभत नाहीत, म्हणून ते कुणाशी बोलले नव्हते.

जूनमध्ये पोट दुखतंय म्हणून त्यांची एंडोस्कोपी झाली. आलोच आहोत तर म्हणून मुलीनं, उत्कर्षानं, आईच्याही तपासण्या करून घेतल्या. तुमचं साधं पित्त आहे, असं डॉक्टरांनी उजगऱ्यांना सांगितलं. मग उत्कर्षाला एकटीला आत बोलावून ते वीस मिनिटं बोलले. साध्या पित्तावर वीस मिनिटं कोण बोलतं?

तेव्हापासून घराची रीतच बदलली. खराडीच्या ऑफिसातून रविवारीसुद्धा फिरकायला वेळ नसणारी उत्कर्षा बुधवारी दुपारी येऊन बसू लागली. चहात दोन चमचे साखर घातली तरी विमलाबाई गप्प. उलट त्यांनी नवंच खूळ काढलं, नवऱ्याला स्वयंपाक शिकवायचं.

"कुकरच्या तीन शिट्ट्या, मग गॅस बंद. किती शिट्ट्या?"

"तीन. मी काय बालवाडीत आहे?"

"बालवाडीतली मुलं एकदा सांगितलेलं ऐकतात."

माझं मन रमवताहेत, उजगऱ्यांनी ताडलं. विमलाबाई बाजारात गेल्याची संधी साधून त्यांनी कपाट उपसलं. स्वतःची फाइल सापडली. त्यात पित्तच लिहिलं होतं. म्हणजे खरा कागद दुसरीकडे लपवलाय, असं त्यांनी ठरवून टाकलं. दोन महिने ते रोज सकाळी आरशात स्वतःची जीभ बघत राहिले.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात पाळकसाहेब होते आणि ती काळी बॅग त्यांनी स्वतःच धरली होती. उजगऱ्यांनी बाजूला सरून त्यांना आत घेतलं. आतल्या टेबलावर इस्त्रीचा पांढरा कपडा आधीच अंथरलेला होता. उत्कर्षाही आली होती. सगळ्यांना सगळं माहीत होतं, फक्त मरणाऱ्याला सोडून.

प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले. उजगऱ्यांनी मिटले नाहीत. या चर्चची रीत त्यांना पाठ होती. पहिला प्याला आजाऱ्याला, मग घरच्यांना. तीस वर्षांत हा क्रम चुकला नव्हता, कारण आजारी कोण ते पाळकांना हळूच दाखवायचं काम उजगऱ्यांचंच असे.

पाळकसाहेबांनी प्याला उचलला. तो उजगऱ्यांच्या दिशेनं आला, त्यांच्यासमोरून पुढे गेला आणि विमलाबाईंपाशी थांबला.

उजगऱ्यांना हायसं वाटलं. आधी तेच वाटलं. मी नाही, मी नाही, म्हणत जीव भांड्यात पडला. मग त्यांनी बायकोच्या हाताकडे पाहिलं. प्याला घ्यायला तिनं हात उचलला तशा मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. हेच हात दोन महिने त्यांना कुकर लावायला शिकवत होते. आपल्याला क्षणभर आनंद झाला होता, याची त्यांना शिसारी आली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही घाबरला असता."

"आणि तू?"

"मी रोज घाबरते," विमलाबाई म्हणाल्या. "म्हणून तर पाळकसाहेबांना बोलावलं. अहो, दफनभूमीत सगळ्यांना सांगता ना, ते मला सांगा. माझ्याकडे बघून."

उजगऱ्यांनी तोंड उघडलं. चाळीस-पन्नास कुटुंबांना सांगितलेलं ते वाक्य काही केल्या येईना.

"विमल, मला फार भीती वाटते गं."

"मला माहीत आहे. लग्नापासून माहीत आहे. तरी सांगा."

ती प्याला हातात धरून थांबली होती. पाळकसाहेबही थांबले होते. उजगरे तिच्याजवळ जाऊन बसले, तिचं मनगट धरलं आणि बोलायला लागले. आवाज चिरकला, मध्ये दोनदा तुटला, शेवटचे शब्द तर उत्कर्षाला ऐकूही गेले नाहीत. ते संपल्यावर विमलाबाईंनी प्याला ओठांना लावला.