पहिल्या नंबरचं ‘गो’

माझ्या भावाचं गाणं गाजतंय हे मला आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये कळलं. चौथ्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी डोळे मिटून गुणगुणत होती. मी विचारलं, “काय गं ऐकतेस एवढं?” तिने एका कानातलं बोंड काढून माझ्या कानात घातलं. “सोल बॅलड आहे काकू. मस्त रडवतं.”

मला सोल म्हटलं की आमसुलं आठवतात. पण आवाज ऐकला आणि मी लिफ्टची दांडी धरली. संथ चाल, मागे ऑर्गन, चार जणांचं हुं हुं, आणि त्यावर एक पुरुष छाती रिकामी करून गात होता. त्या आवाजाला मी स्वतःच्या हाताने पेज भरवलेली आहे.

“हा माझा भाऊ,” असं मी काही तिला म्हणाले नाही. सहा वर्षं ज्याच्याशी बोलले नाही, त्याच्यावर लिफ्टमध्ये हक्क कुठल्या तोंडाने सांगायचा?

पण त्याच मुलीकडून मी फोनमध्ये ते गाण्यांचं अ‍ॅप घालून घेतलं. मग रोज सकाळी चहाच्या आधी गाण्याचा नंबर बघायचा. घरात तापाचं माणूस असलं की थर्मामीटर बघतात तसा. सत्तेचाळिसावं होतं, ते विसाच्या आत आलं, आणि एका सोमवारी पहिलं. कांदिवलीच्या माझ्या दोन खोल्यांत मी एकटीच उभी राहून “पहिलं आलं!” असं मोठ्याने बोलले. उत्तर द्यायला कोणी नव्हतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, आणि मूलबाळ नाही.

गाण्याचं नाव इंग्रजी दोन अक्षरांत लिहिलेलं: गो. अंतरे हिंदीत, आणि ध्रुवपदात नुसतं लांबवलेलं ‘गो’. म्हणजे जा. तरुण पोरं ते लावून अंगठ्या खिडकीतून फेकतानाचे व्हिडिओ टाकत होती. रेडिओवरची बाई त्याला ‘ब्रेकअपवाल्यांचं राष्ट्रगीत’ म्हणायची. मुलाखतीत कोणीतरी विचारलं, गाणं कोणासाठी आहे? तो म्हणाला, “घरच्याच एका माणसासाठी.”

ते माणूस कोण, ते मला सांगायला नकोच होतं.

आम्ही मनोरीचे कोळी. बापाची होडी, आई मासळी विकायची. तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आई टोपली घेऊन गेली की तो माझ्या कडेवर. मी शिकले, ऑफिसात लागले, जातीबाहेर लग्न केलं. सासरी पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, “आपल्यात ‘गो’ म्हणत नाहीत, ‘गं’ म्हणतात.” वाईट नव्हत्या त्या. पण मी जीभ अशी काही घासून पुसून काढली की पुढे आईलासुद्धा माझ्याशी बोलताना अवघडल्यासारखं व्हायचं.

आई गेल्यावर मी त्याला माझ्याकडे आणलं. साहेबांच्या हातापाया पडून आमच्याच ऑफिसात चिकटवला. तीन महिन्यांत पठ्ठ्याने राजीनामा दिला. गायचं होतं त्याला! साहेबांसमोर माझं नाक कापलं गेलं, आणि मला राग आला की मी मागचापुढचा विचार करत नाही. त्या दिवशी त्याने बॅग उचलली आणि दारात सवयीने म्हणाला, “येतो.” आपल्याकडे निघणारा ‘जातो’ म्हणत नाही आणि घरचं माणूस ‘जा’ म्हणत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी म्हणाले, “येऊ नकोस. जा.”

तो गेला. मनोरीच्या घरात परत राहायला लागला, एवढं कानावर आलं.

म्हणून ते गाणं लागलं की मला वाटायचं, माझाच शब्द त्याने मला परत केलाय, तोही सगळ्या देशाच्या तोंडून. रिक्षात, वाण्याकडे, शेजारच्या साखरपुड्यातही मला ‘जा’ ऐकू यायचं. मी चिडायचे, आणि घरी येऊन पुन्हा तेच गाणं लावायचे. दुसरा आवाज नव्हताच घरात.

पावणेदोन महिन्यांनी गाणं उतरायला लागलं. पोरांना नवीन काहीतरी मिळालं होतं.

गेल्या शुक्रवारी मी बाजारात गेले. कोपऱ्यावर बसणारी कोळीण मला नेहमी “घ्या ना मॅडम” म्हणते. मीही शुद्ध मराठीत घासाघीस करते. मी कुठली ते तिला कधी सांगितलं नाही. ती मांदेली निवडून देत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तेच गाणं.

“तुम्हालाही हे ‘जा, जा’ आवडतं?” मी जरा खवटपणेच विचारलं.

तिने फोन बंद केला आणि माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. “जा कुठं म्हनतो? बोलवतो हाय तो! आमच्या बाजूचाच पोर. इंग्रजी नाय ते, आमचा गो हाय. पुरुषाला रे, बाईला गो.” तिने गाणं पुन्हा लावून फोन माझ्या कानाशी धरला. “ऐक नीट. गोच्या आधी काय म्हनतो?”

ऑर्गनच्या खाली, श्वास घेतल्यासारखं, एक अक्षर होतं. इतके दिवस मी त्याला श्वासच समजत होते.

“ये गोऽऽ!” कोळणीने तोंडाशी हात धरून हाक मारूनच दाखवली. दोन बायका वळून बघायला लागल्या.

अशीच हाक आई मागच्या दारातून मारायची. मी भावाला कडेवर घेऊन किनाऱ्यावर हिंडत असायचे आणि जेवायची वेळ झाली की आई ओरडायची, “ये गोऽऽ!” त्या पोराने बोलायला शिकल्यावर पहिला शब्द तोच उचलला. त्याला वाटलं, ते माझं नाव आहे. शाळेत जाईपर्यंत तो मला ‘येगो’च म्हणायचा. अख्खं गाव हसायचं. मी हे विसरले होते. इतकं कसं विसरले, याची मला तिथेच, मासळीच्या पाटीसमोर, लाज वाटली आणि रडू आलं.

“काय झालं गो बाय?” कोळणीने विचारलं. मॅडम कुठच्या कुठे गेली.

घरी आले. मांदेली ओट्यावर तशीच ठेवली, हात धुतले. भावाचा नंबर मी फोनमधून कधी पुसला नव्हता. माझा नंबर मात्र मधल्या काळात बदलला होता, त्याच्याकडे तो नसणार. रिंग वाजत राहिली. ठेवून द्यावा असं दोनदा वाटलं.

“हॅलो,” तो म्हणाला. मागे कोणीतरी ऑर्गनवर सूर तपासत होतं. “कोन बोलतं?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हॅलो? कोन?”

“येगो,” मी म्हणाले.