जपलेले हात

आमच्या घरात काम न करणारा मी एकटाच होतो. ते लाड नव्हते. माझ्या बोटांना काही होऊ नये म्हणून घरानं तसं ठरवलं होतं, आणि ठरवलं ते माझ्या सांगण्यावरून. हे मी फार वर्षं कोणाजवळ बोललो नाही.

आमचं गाव ब्रह्मपुरीच्या बाजूचं, जंगलाला लागून. धानाची थोडी बांदी, म्हणजे बांधाची शेतं होती, बाकी पोट जंगलावर. गावात शाळा नवीनच सुरू झाली होती आणि नागपूरकडचे एक मास्तर बदलून आले होते. ते व्हायोलिन वाजवायचे. शाळा सुटली की ओट्यावर मांडी घालून बसायचे, मी खाली बसून ऐकायचो. पुढे त्यांनीच मला शिकवायला घेतलं, आणि बदली झाली तेव्हा आपलं जुनं वाद्य माझ्यापाशी ठेवून गेले.

धानकापणीच्या दिवसांत एकदा ते म्हणाले होते, "विळा जपून चालव रे. धान डाव्या मुठीत धरतोस. बोट कापलं तर महिनाभर वाजवणं बंद." एवढंच. मी घरी येऊन सांगितलं की मास्तरांनी हातानं काम करायला मनाई केली आहे, बोटं राठ झाली तर सूर लागत नाही. मला त्या दिवशी बांदीत जायचं नव्हतं, दुसरं काही मनात नव्हतं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मास्तर म्हणजे शिकलेला माणूस.

"मंग राहू दे त्याले," ते आईला म्हणाले.

एका दिवसापुरतं बोललेलं ते पुढे घरचा नियमच झालं. रोवणी, कापणी, सरपण, काहीच माझ्याकडे येईना. माझ्या वाट्याचं सगळं बाई करू लागली. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात.

पहिले काही दिवस बरं वाटलं. मग कळलं की रोवणीच्या दिवसांत गावात माणूसच नसतो. सगळे चिखलात, गाणी तिकडे, चेष्टा तिकडे, भाकरी तिकडे. मी घरात गज ओढत बसलेला, ऐकायला शेजारची म्हातारी, ती बहिरी. पोरं भेटली की विचारायची, "काऊन बे, हाताची मेंदी सुकली नाई का अजून?" विटीदांडूतही घेईनासे झाले. "त्याले नको घेऊ, बोट मोडंन तं त्याची बाई आपल्याले मारंन." ते खोटं नव्हतं. बाईनं खरंच मारलं असतं.

सातवीची परीक्षा झाली त्या वर्षी मास्तरांचा निरोप आला. नागपूरला उन्हाळ्यात संगीताचा वर्ग भरतो, मुलांची राहण्याची सोय असते. फी आणि जेवणाचे पैसे जमवता आले तर पाठवा. आमच्या घरी तेवढी रक्कम एकत्र कधी दिसली नव्हती. मी म्हटलं, वाजवून कमावतो. शेजारच्या गावी एका पाटलाकडे लग्न होतं, तिथे गेलो. डफडी आणि सनईपुढे माझं वाद्य कोणाला ऐकू जाणार? डफडी थांबली तेव्हा कुठे दोन घटका वाजवलं. एक म्हातारे व्याही कान देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "हे काऊन रडून राह्यलं, भाऊ? पोरीची पाठवणी तं उद्या हाये." मांडव हसला. जेवण मिळालं, नारळ मिळाला.

मग सगळा भार मोहफुलांवर आला. वडील गडचिरोलीकडे लाकूडतोडीच्या कामावर गेले होते, आईच्या मांडीवर तान्हं होतं. राहिली बाई. मोहाची झाडं ज्याची त्यानं वाटून घेतलेली असत, आणि आमची तीन झाडं सगळ्यांत लांब, नाल्यापलीकडे. फुलं पहाटे गळतात, उजाडायच्या आत झाडाखाली पोचावं लागतं, नाहीतर जनावरं खाऊन जातात. बाकीच्या घरची माणसं जोडीनं जात. बाई एकटी टोपली घेऊन निघायची. मी जागा असायचो. तिची पावलं ऐकायचो आणि कूस वळायचो.

उन्हं चढली की ती यायची, अंगणात फुलं पसरायची. मी हात लावायला गेलो की म्हणायची, "तू बस तिकडं. वाजव." वैशाखात विड्यांसाठी टेंभराचा पाला तोडायला लागली तेव्हा चिकानं तिची बोटं काळी पडली, नखांशी चिरा गेल्या. रात्री ती त्यांना तेल लावायची. एकदा माझा हात आपल्या हातात घेऊन तिनं पाहिला आणि आईला दाखवला. "पाह्य, बामनाच्या पोरावाणी हाये," ती म्हणाली. फार खूश होती.

पैसे जमले. अरुंद रुळांवरच्या लहान गाडीनं मी नागपूरला गेलो.

तिथल्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. मुलं शहरातली. मी "मले" म्हटलं की मागून कोणीतरी "तुले" म्हणायचं, म्हणून मी बोलणंच सोडलं. पंगतीत टोकाला बसायचो. संध्याकाळी सगळी गच्चीवर जात. मी खोलीत वाद्य पुसत बसायचो, पुसलेलंच पुन्हा.

शिकवणारे बुवा वयस्क होते, रागीट नव्हते. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी माझा गज थांबवला आणि उजवं मनगट दाबून पाहिलं.

"हातात जोर का नाही तुझ्या? घरी शेती आहे म्हणालास ना?"

"आहे."

"मग काम करत नाहीस?"

मी सांगितलं की बोटं खराब होतात. ते हसले. "कोणी सांगितलं हे? अरे, तारेवर घासून माझी बोटं बघ कशी झालीत. काम कर. लाकडं फोड. हात कणखर होऊ दे, मग गज ऐकेल तुझं."

मुलंही हसली. पण मला त्यांचं काही वाटलं नाही. मी बाईच्या नखांचा विचार करत होतो, आणि हे घरी सांगावं लागेल याचा.

गाडीतून उतरलो तेव्हा बाई स्टेशनावर होती. तिनं आधी माझे हात पाहिले. रस्ताभर विचारत राहिली, काय शिकवलं, काय म्हणाले. मी म्हटलं, "चांगलं वाजवतो म्हणाले."

"आन् बोटाचं?"

"जपायची म्हणाले."

पहिलं खोटं लहानपणी बोललो होतो. हे मात्र कळून-सवरून बोललो. पावसाळा लागला, रोवणी आली आणि मी पुन्हा घरात बसलो. तिचं लग्न होऊन ती गोंडपिपरीकडे जाईपर्यंत असंच चाललं. पुढे मला तालुक्याला कारकुनी मिळाली. हातात म्हणावं असं काही उतरलं नाही. वाद्य पडून राहिलं, गोंद सुटला. बाई मात्र सासरी सांगत राहिली की माह्या भावाचे हात गाण्याचे हायेत.

या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो होतो. ती अंगणात पापड वाळत घालत होती. मी मदतीला बसलो तर जुन्या सवयीनं म्हणाली, "राहू दे, बाबू." तेव्हा मी सगळं सांगितलं. मास्तरांचं खरं बोलणं, बुवांचं बोलणं, स्टेशनावरचं. ती पापड पसरत राहिली. मला वाटलं, राबवून घेतलं म्हणून बोलेल. ती भलतंच बोलली.

"मोहाखाली अस्वल येत होतं," ती म्हणाली. "तुह्या नागपूरच्या साली. दोनदा आलं. नाल्याच्या ह्या अंगाले मी, त्या अंगाले ते. पाला पेटवून उभी राह्यली, उजाडेपर्यंत."

"घरी काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं माय तुले संगं धाडती."

मी हातातला पापड खाली ठेवला.

"अस्वलाचं सोड," ती म्हणाली. "जंगलात रोज एकटी. पोरी जोडीनं गाणी म्हणत जात. मी मनाले समजावू, का आपल्या भावाले यायचं हाये, पन येता येत नाई." मग पुढचा पापड पसरत, "तुले येता येत होतं."

त्या दिवशी ती पुन्हा बोलली नाही. दिवाळीला तिचं बोलावणं आलं नाही. भाऊबीजेला मी न बोलावता गेलो. तिनं पाट मांडला, ओवाळलं, भाऊजींनी इकडचं तिकडचं विचारलं. ताट वाढून ती समोर बसली, पण माझ्याकडे न पाहता.

"जेवून घे," म्हणाली. "गाडी निघून जाईन."

गाडीला अजून बराच वेळ होता. मी जेवलो.