ठाण्यातला चहा

लातूरच्या पोलीस ठाण्यात मी नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार द्यायला गेले, तेव्हा बाकावर एक बाई आधीच बसली होती. ओठ सुजलेला, तरी शेंगा खाणं चालू. टरफलं बिनधास्त साहेबांच्या टेबलाखाली.

"नवरा काय करतो?" तिनं विचारलं.

"क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो."

"मंग झालं! साहेबाचं पोरगं नीट परीक्षेची तयारी करायलंय. आधी त्याचा विषय निघंल, मंग तुझा. मास्तर हात जोडील, साहेब चहा सांगील. त्यो पिऊ नको. पिला की समझोता झाला म्हणतेत. म्या मागं बिस्किटासकट पिले, म्हणून परत आलेय."

मला हसू फुटलं. साहेबांनी माझ्या नवऱ्याला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून आला, हात जोडले. साहेबांनी खरंच आधी पोराचे मार्क कसे वाढतील ते त्याला विचारलं, मग चहा मागवला.

"घ्या की ताई, गार होतोय."

"आधी तक्रार लिहून घ्या," मी म्हणाले.

साहेबांनी कप माझ्याकडं आणखी सरकवला. त्या बाईनं सरळ माझा कप उचलला. "माझा नवरा कुठं हाय इथं? मला चालतोय."

सुजलेल्या ओठाला चहा झोंबत असणार. पण साहेबांनी तक्रार लिहायला पेन उचलेपर्यंत तिनं कप काही खाली ठेवला नाही.